फोर-सी केस वाढतात पण लांबी दिसत नाही? नेमकं कुठे तुटतंय ते आधी शोधा

इथे अटलांटात माझ्या ओळखीत अशा बऱ्याच मराठी आया आहेत ज्यांचे नवरे आफ्रिकन अमेरिकन आहेत, नाहीतर नायजेरिया, घाना, जमैकाकडचे, आणि लेकींचे केस बाबांच्या वळणावर गेलेत. त्यातली प्रत्येक जण कधी ना कधी एकच प्रश्न घेऊन येते, की केस मानेपर्यंत आले आणि तिथेच थांबले, वर्ष झालं तरी तेवढेच, तेल लावते, धुते, महागातलं क्रीम आणते, तरी वाढतच नाहीत. रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं केमिकल, सोडून नैसर्गिक केस ठेवायला लागलेल्या मोठ्या बायकांचंही रडगाणं हेच, चार महिने बरे जातात आणि परत टोकं भुरभुरायला लागतात. माझ्या लेकीचे केस अगदी घट्ट कुरळे, ज्याला इथे फोर-सी म्हणतात तसे, माझ्या सासूबाई मूळच्या जॉर्जियातल्या आणि नणंद पार्लरमध्ये केसांचंच काम करते, त्यामुळे मला जे येतं ते या दोघींच्या हाताखाली बसून आलंय, ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवतेय.

पहिली गोष्ट, केस वाढत नाहीत हे जवळजवळ कधीच खरं नसतं. रिलॅक्सर लावणाऱ्या बाईला दर सहा-आठ आठवड्यांनी टच-अप करायला का जावं लागतं, मुळाशी नवे कुरळे केस आलेले असतात म्हणूनच ना! वेग जरा कमी असतो हे खरंय, आफ्रिकन वंशाचे केस महिन्याला साधारण पाऊण सेंटिमीटर वाढतात आणि युरोपीय लोकांचे सव्वाच्या आसपास, पण पाऊण म्हटलं तरी वर्षाला नऊ सेंटिमीटर होतात, म्हणजे साडेतीन इंच. मग ते जातात कुठे? दक्षिण आफ्रिकेच्या त्वचारोगतज्ज्ञ नोन्ह्लान्हला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे केस मायक्रोस्कोपखाली बघितले होते, केमिकल न लावलेले नैसर्गिक केस, आणि त्यात गाठी, एकमेकांत अडकलेले केस आणि बहुतेक टोकं तुटलेली असं दिसलं. म्हणजे वरून वाढतात तेवढेच खालून तुटतात, म्हणून लांबी जागच्या जागी. आपल्याला केस वाढवायचे नाहीयेत, ते आपोआप वाढतायत, आपल्याला फक्त तुटणं थांबवायचंय. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या बाटल्या विकत घ्यायच्या बंद होतात, कारण त्या सगळ्या बाटल्या वाढीच्या नावाने विकल्या जातात.

आणि हो, मोजायचं तर ओढून मोजा. हे केस वाळले की आखडतात, त्याला श्रिंकेज म्हणतात, फोर-सीमध्ये खऱ्या लांबीच्या पाऊण हिस्सासुद्धा दिसेनासा होतो. बारा इंचाचे केस डोक्यावर तीन-चार इंचाचे वाटतात. कानामागची एक बट ओली करून हळूच सरळ करायची, खांद्यावर कुठे टेकते ते बघायचं, फोटो काढून ठेवायचा, आणि तीन महिन्यांनी तीच बट परत बघायची. रोज आरशात बघून काही कळत नाही. श्रिंकेज हा काही दोष नाहीये हेही सांगते, केसात दम आहे, स्प्रिंग शाबूत आहे याचीच ती खूण. उलट एखाद्या भागातले केस धुतल्यावर आखडायचे बंद झाले आणि सरळ लटकायला लागले तर तिथे इस्त्रीने किंवा केमिकलने नुकसान झालंय समजा.

आता तपास. पुढच्या वेळी केस सोडवाल तेव्हा गुंतवळ टाकू नका, पांढऱ्या कागदावर पसरा आणि खिडकीपाशी नेऊन नीट बघा. पूर्ण लांबीचा केस असेल आणि एका टोकाला बारीक पांढरा ठिपका असेल तर तो मुळापासून गळलेला, त्याचं आयुष्य संपलं होतं, असे रोज पन्नास ते शंभर सगळ्यांचेच गळतात. आखूड तुकडे असतील, बोटाच्या पेरापेक्षाही लहान, दोन्ही टोकं सारखीच आणि ठिपका कुठेच नाही, तर ते तुटलेले. ब्रेड्स सोडल्यावर हातात केवढा तरी पुंजका येतो आणि आया घाबरून फोन करतात, पण हिशोब करा, सहा आठवडे वेण्या घातलेल्या, रोजचे पन्नास-शंभर गळलेले केस आतच अडकून राहिलेले, म्हणजे दोन ते चार हजार केस एकाच दिवशी बाहेर येणार. ठिपकेवाले लांब केस असतील तर निवांत राहा. पण नेहमीच्या वॉश डेला, म्हणजे केस धुण्याच्या दिवशी, वेण्या वगैरे काही नसताना, ठिपकेवाले केस मूठ मूठ यायला लागले तर मात्र गोष्ट वेगळी, त्याला तेल-क्रीमचा काही उपयोग नाही, दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन असं काही झालं होतं का आठवा, आणि डॉक्टरला सांगून लोह, फेरिटिन, थायरॉइड तपासून घ्या.

तुकडेच जास्त निघाले तर पुढचा प्रश्न, डोक्याच्या कुठल्या भागातले? कारण जागेवरून कारण कळतं.

सगळीकडची टोकं खडबडीत आणि एकेका केसाला बारीक गाठी पडलेल्या, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, आणि याचं कारण कोरडेपणा. या केसाचा आकार चपटा लंबगोल असतो आणि तो मुळातूनच वळून बाहेर येतो, त्यामुळे टाळूचं तेल आपल्या सरळ केसांत जसं आपोआप खाली उतरतं तसं इथे उतरत नाही, पहिल्या एक-दोन इंचातच राहतं. शिवाय जिथे जिथे केस वळतो तिथे तो कमजोर, आणि फोर-सीमध्ये वळणं तर इंचाइंचाला. म्हणजे टोकं, जी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात झिजलेली, तीच सगळ्यात उपाशी राहतात.

इथेच आपल्या मराठी घरात गडबड होते, कारण कोरडं म्हटलं की आपला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट त्याच्या बाजूने पुरावा आपल्या मुंबईतूनच आलाय, पॅराशूटवाल्या मॅरिको कंपनीच्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा २००३ चा पेपर आहे, त्यात सूर्यफूल आणि मिनरल ऑइलपेक्षा खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन निघून जाणं कमी करतं असं दिसलं. म्हणून धुण्याच्या आदल्या रात्री किंवा तास-दोन तास आधी लांबीला आणि टोकांना खोबरेल लावणं हे चांगलंच. पण तेलाने केसात पाणी येत नाही. तेल म्हणजे भांड्यावरचं झाकण, आत पाणी असेल तर ते टिकवेल, भांडं रिकामं असेल तर रिकाम्या भांड्यावर झाकण ठेवून काय फायदा. कोरड्या केसांवर रोज तेल चोपडलं की वरून चमकतात, आतून कोरडेच, आणि आठवडाभरात धूळ धरून चिकट होतात. काहींचे केस खोबरेलाने चक्क ताठ, काडीसारखे होतात, तसं झालं तर ऑलिव्ह, जोजोबा नाहीतर शिया बटर वापरा, हट्ट करू नका.

क्रम असा ठेवा, आधी पाणी, मग पाणी धरून ठेवणारं लीव्ह-इन कंडिशनर, म्हणजे जे धुऊन न टाकता तसंच ठेवतात ते, मग थोडंसं तेल, मग हवं तर क्रीम किंवा बटर. काहीजणी क्रीम आधी आणि तेल शेवटी लावतात, तेही चालतं, ज्याच्या त्याच्या केसावर आहे, पण पाणी पहिलंच, यात बदल नाही. धुणं आठवड्याला एकदा किंवा फार तर दोन आठवड्यांनी एकदा, अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला हाच आहे. रोज धुवायचं नाही आणि महिना महिना तसंच ठेवायचंही नाही. मधल्या दिवसांत केस कुरकुरीत लागले तर स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर लीव्ह-इन, तेवढं शिंपडायचं, हाताने दाबून बसवायचं, झालं.

आणि गुंता सोडवणं. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त केस इथेच तुटतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. सकाळी शाळेच्या घाईत कोरड्या केसांत फणी घालायची नाही, कधीच नाही. आपल्याकडे पोरींना बसवून रोज करकचून विंचरायची पद्धत आहे, सरळ केसांना चालून जातं, या केसांत प्रत्येक फणी म्हणजे वीस-पंचवीस तुकडे. केस ओले पाहिजेत आणि त्यावर घसघशीत कंडिशनर पाहिजे, इतकं की बोटं घसरली पाहिजेत. आधी डोक्याचे चार भाग, दाट असतील तर आठ, प्रत्येक भाग सैल पीळ देऊन क्लिपने बाजूला. मग एक भाग सोडायचा, त्यातली दोन बोटं रुंद बट घ्यायची, डाव्या हाताने मधोमध घट्ट धरायची म्हणजे ओढ टाळूला बसत नाही आणि पोरगी रडत नाही, आणि अगदी खालच्या टोकापासून सुरू करायचं, आधी नुसत्या बोटांनी. गाठ लागली की ओढायचं नाही, तिथे अजून थोडं कंडिशनर, गाठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून केस एकेक करून बाजूला काढायचे, मधेच गळून अडकलेला एखादा लांब केस सुटून हातात येतो आणि अख्खी गाठ मोकळी होते. खालचे दोन इंच मोकळे झाले की जरा वर, मग अजून वर, शेवटी मुळापासून टोकापर्यंत रुंद दातांचा कंगवा एकदा फिरवायचा, तो न अडकता खाली आला की लगेच त्या भागाचा पीळ परत घालायचा, मोकळा सोडायचा नाही, नाहीतर दुसरा भाग होईपर्यंत पहिला परत गुंततो. धुवायचं तेही पीळ असतानाच, बोटांची टोकं भागांच्या मधल्या टाळूवर फिरवायची, केसांचा डोंगर करून आपण फेस काढतो तसं चोळायचं नाही. सासूबाईंचा नियम असा, की पोरीचं डोकं दोन्ही गुडघ्यांच्या मधे, टीव्ही चालू, वाटीत खाऊ, आणि घाई असेल तर त्या दिवशी केसांना हात लावायचा नाही, उद्या करायचं. मला हा नियम सगळ्या प्रॉडक्टपेक्षा मोलाचा वाटतो.

टोकं आधीच फाटलेली असतील तर ती कापावी लागतील, त्याला पर्याय नाही. फाटलेला केस कुठल्याही क्रीमने सांधत नाही, तो वरपर्यंत फाटत जातो आणि शेजारच्या केसांत अडकून त्यांनाही तोडतो. वाढत नाहीत म्हणून कापायचे नाहीत असं बऱ्याच जणी करतात, मन धजावत नाही हे समजू शकते मी, पण दर तीन-चार महिन्यांनी अर्धा सेंटिमीटर टोक काढलं तर वर्षाचे सात सेंटिमीटर तरी हातात राहतात, आणि न कापता तुटू दिले तर काहीच राहत नाही.

केस मधेच तुटतायत, टोकं बरी आहेत पण मधल्यामधे तुकडे पडतायत, तर प्रोटीन आणि ओलाव्याचा तोल बघा. ओला केस एक घ्या आणि दोन्ही बाजूंनी हळू ताणा. थोडा ताणून परत जागेवर आला तर उत्तम. ताणतच गेला, रबरासारखा मऊ लागला आणि मग तुटला तर प्रोटीन कमी पडतंय, महिन्यातून एकदा प्रोटीनवालं ट्रीटमेंट करा. अजिबात न ताणता कटकन तुटला तर उलटं, प्रोटीन जास्त झालंय किंवा ओलावा नाहीये, केराटिन आणि प्रोटीन लिहिलेली सगळी बाटली-बरणी काही दिवस बंद करा आणि नुसतं डीप कंडिशनिंग करा, म्हणजे कंडिशनर जास्त वेळ ठेवून मग धुवा. लोक काय करतात, तुटले की लगेच प्रोटीन, परत तुटले की अजून प्रोटीन, आणि केस पार काडी होतात. ते ग्लासभर पाण्यात केस टाकून बुडतो का तरंगतो बघायची टेस्ट आहे ना, तिच्या नादी लागू नका, केसावर जरा तेल किंवा क्रीम राहिलं की निकाल बदलतो. मधेच तुटण्याचं दुसरं कारण गरम इस्त्री. कधी लग्नकार्याला सरळ करायचेच असतील तर स्वच्छ, पूर्ण वाळलेल्या केसांवर, हीट प्रोटेक्टंट लावून, १७५ अंश सेल्सियसच्या खाली, आणि एका बटेवरून एकदाच. जळलेला केस परत कुरळा होत नाही, तो कापूनच काढावा लागतो.

मानेवरचे आणि डोक्याच्या मागच्या बाजूचेच आखूड राहिलेत? उशी बघा आधी. सुती अभ्रा केसातलं पाणी शोषून घेतो आणि रात्रभर घासतो. सॅटिनचं किंवा रेशमी बॉनेट, म्हणजे झोपताना घालायची सैल टोपी, घाला, लहान पोरं काढून फेकतात म्हणून अभ्राही सॅटिनचा ठेवा. बाळांचा कार-सीटचा कापडी भाग, हिवाळ्यातली लोकरीची टोपी, हुडीची कॉलर, हे सगळं त्याच यादीत, टोपीला आतून सॅटिनचं अस्तर शिवून घ्या. जुन्या सिल्कच्या साडीच्या काठाशिवायच्या भागाचं फार सुंदर बॉनेट होतं, आईने शिवून पाठवलेलं आमच्याकडे आहे.

कपाळाची कड आणि कानशिलं विरळ होतायत तर कारण ओढ. घट्ट पोनीटेल, घट्ट कॉर्नरो म्हणजे टाळूला चिकटून घातलेल्या वेण्या, जड एक्स्टेन्शन म्हणजे जोडलेले खोटे केस. याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात आणि यात एक फार महत्त्वाची गोष्ट अशी की सुरुवातीला ओढ थांबवली तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षं चालू राहिलं तर मुळंच मरतात आणि मग काही करता येत नाही. ब्रेड्स घालताना दुखलं तर त्या घट्ट आहेत, दुसऱ्या दिवशी बारीक पुळ्या आल्या तर फारच घट्ट आहेत. ओळखीतल्या एका मुलीला एका पार्लरमध्ये सांगितलं होतं की दोन दिवस दुखणारच, वेदनाशामक गोळी घे, ती रात्रभर उशीला डोकं टेकवू शकली नव्हती. असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, तिथल्या तिथे सोडायला लावा, पैसे गेले तरी चालतील. बॉक्स ब्रेड्स म्हणजे सुट्या बारीक वेण्या, ट्विस्ट म्हणजे दोन बटांचे पीळ, हे प्रकार केसांचं रक्षणच करतात, टोकं आत बंद राहतात, रोज हात लागत नाही, पण कधी? सैल असतील, फार जड नसतील, टाळू मधेमधे धुतली जात असेल आणि सहा-आठ आठवड्यांत निघत असतील तर. नंतर थोडे दिवस केसांना मोकळीक द्यायची. खोटे केस लावल्यावर खाज सुटत असेल तर ते आधी ॲपल सायडर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मग वापरायचे, बऱ्याच जणींची खाज तेवढ्याने जाते.

आता डोक्याचा मध्यभाग, शेंडीची जागा. तिथेच केस तुटतायत, विरळ झालेत, हात लावला की हुळहुळतं किंवा जळजळतं, काहींना तर काहीच जाणवत नाही, तर घरी काहीही करत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ब्लॅक बायकांमध्ये सीसीसीए नावाचा आजार बऱ्यापैकी दिसतो, तो मधून सुरू होऊन बाहेर पसरत जातो आणि मुळाच्या जागी व्रण तयार होतो, त्या जागी परत केस येत नाहीत. सुरुवातीला तो निव्वळ तुटण्यासारखाच दिसतो म्हणून लोक क्रीमं बदलत बसतात. २०१९ मध्ये काही बायकांमध्ये पीएडीआय३ या जनुकातल्या बदलांशी याचा संबंध सापडला, म्हणजे घरात आई, मावशी, आत्या यांना असेल तर अजूनच लवकर दाखवा. औषधाने तो थांबवता येतो, गेलेले केस आणता येत नाहीत, म्हणून वेळ घालवू नका. हे केस नेहमी बघणारा डॉक्टर मिळाला तर उत्तम.

टाळूचं म्हणाल तर कोंडा दिसला की तेल, हे समीकरण पहिलं डोक्यातून काढा. खवल्यांचा पिवळसर चिकट कोंडा असेल तर तो बहुतेक वेळा बुरशीमुळे वाढतो आणि तेल हे त्या बुरशीचं खाणं, टाळूवर तेल घालाल तेवढा तो वाढेल. झिंक किंवा किटोकोनॅझोलचा शॅम्पू फक्त टाळूला, पाच मिनिटं ठेवून, आणि लांबीला लगेच कंडिशनर, कारण हे शॅम्पू केसांना फार कोरडे करतात. गंमत म्हणजे मॅडम सी. जे. वॉकर, १८६७ मध्ये लुइझियानात जन्मलेल्या, स्वतःच्या डोक्याच्या आजाराने केस गेले म्हणून ज्यांनी अख्खा उद्योग उभारला, त्यांच्या प्रसिद्ध हेअर ग्रोअरमध्येही गंधक होतं आणि त्या डोकं स्वच्छ धुण्यावर भर द्यायच्या. लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा, खवले, आणि तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसले तर तो नायटा, टाळूच्या नायट्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं, आठवडे लागतात, आणि घरातल्यांचे कंगवे-टोप्या वेगळ्या करा.

रिलॅक्सर परत लावू का, असं काही जणी वैतागून विचारतात. निर्णय ज्याचा त्याचा, पण माहीत असू दे. रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड किंवा ग्वानिडिन हायड्रॉक्साइडसारखा कडक अल्कली असतो, तो केसाचे आतले बंध कायमचे तोडतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या सिस्टर स्टडी या पाहणीचा निष्कर्ष आला, तेहेतीस हजारांवर बायका, जवळजवळ अकरा वर्षं, त्यात वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करायची केमिकलं वापरणाऱ्यांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण ४.०५ टक्के आणि कधीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के दिसलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालंय असं नाही, पण माझ्यापुरतं सांगायचं तर वाढत्या वयाच्या पोरीच्या डोक्यावर मी ते लावणार नाही. शाळेत केस चालत नाहीत असं कुणी म्हणालं तर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने आणि त्याच वर्षी न्यू यॉर्क, न्यू जर्सीने क्राऊन ॲक्ट केलाय, ब्रेड्स, लॉक्स म्हणजे जटा, ॲफ्रो यावरून भेदभाव करणं तिथे बेकायदा आहे, टेक्ससमध्येही २०२३ पासून आहे, आपल्या राज्यात काय आहे ते बघून ठेवा.

चेबे पावडरबद्दल फार विचारतात म्हणून तेही. चाडमधल्या बसारा बायकांचे केस कमरेपर्यंत, आणि त्या क्रोटनच्या झाडाच्या बिया भाजून, लवंग वगैरे घालून केलेली पूड तेलात कालवून केसांना लावतात. पण त्या कशा लावतात ते बघा, टाळूला नाही, लांबीला, ओल्या केसांना, आणि वेण्या घालून तशाच ठेवतात, परत परत तेच. म्हणजे केस ओले, वरून लेप, टोकं बंद, कंगवा नाही. वाढीची जादू नाहीये त्यात, तुटायला जागाच ठेवलेली नाही. आपल्या शिकेकाईचंही तसंच, शिकेकाई-रिठ्याची पूड थेट घातली तर कण वेटोळ्यांत अडकून बसतात आणि काढताना केस तुटतात, वापरायचीच तर उकळून, पातळ फडक्यातून गाळून नुसतं पाणी घ्या, आणि नंतर कंडिशनर चुकवू नका, रिठा फार कोरडं करतो.

सगळं नीट करूनही केस मेणचट, निर्जीव, पाणी वरूनच ओघळतंय असं होत असेल तर पाणी जड आहे का बघा. लंडनला आणि आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते केसावर बसतात आणि मग कुठलंच कंडिशनर आत जात नाही. महिन्यातून एकदा क्षार काढणारा, बाटलीवर चिलेटिंग लिहिलेला शॅम्पू, आणि त्याच्यामागे डीप कंडिशनिंग. एवढ्यानेच बऱ्याच जणींचा प्रश्न सुटलाय.

यातलं काहीही केलं तरी तीन महिने थांबावं लागतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत फक्त एवढंच दिसेल की कागदावरचे तुकडे कमी झालेत, लांबी नंतर. दर आठवड्याला प्रॉडक्ट बदललं तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला.

शेवटी भारतवारी, कारण इथली घडी तिथे जाऊन विस्कटते. निघायच्या आधी सैल ब्रेड्स किंवा टू-स्ट्रँड ट्विस्ट घालून टाका म्हणजे तीन-चार आठवडे कुणी विंचरायचा प्रश्नच नाही. लीव्ह-इन, कंडिशनर, बॉनेट सामानात न्या, तिथल्या दुकानात या केसांचं फारसं काही मिळत नाही. केस पिंजारलेत, जरा चापूनचोपून बसव, पार्लरमध्ये सरळ करून घे, हे नातेवाईक पोरीसमोरच बोलतात, तर पोरीसमोरच उत्तर द्या की हे केस असेच असतात आणि असेच छान दिसतात, नंतर खोलीत समजावून काही उपयोग नाही, तिने ऐकलेलं असतं. ट्रेनमध्ये परके लोक केसांना हात लावायला येतात, सरळ नको म्हणा. हे केस आपल्या भागाला परके आहेत असंही नाही, मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास आपण शाळेत शिकलोय आणि उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर-हल्याळकडे सिद्दी समाज पिढ्यानपिढ्या राहतोय, त्यातले बरेच जण कोकणी, मराठी बोलतात. आजीला तेल लावायची हौस असते, ती मोडू नका, फक्त धुण्याच्या आदल्या संध्याकाळी, पाणी शिंपडलेल्या केसांना, टाळूला अगदी कमी आणि टोकांना जास्त असं दाखवून द्या, माझ्या आईने एकदा बघितलं आणि आता ती माझ्यापेक्षा हळुवार हाताने करते. आणि परत आल्यावर पहिल्याच वॉश डेला तो क्षार काढणारा शॅम्पू एकदा वापरा, डीप कंडिशनिंग करा, आणि मगच पुढच्या ब्रेड्सची वेळ घ्या.